मशीनवाले घैसास

टोरांटोला लागून असलेल्या वॉनमधल्या एका प्लाझात, टायरवाला आणि ड्रायक्लीनर यांच्या मधोमध, सूर्यकांत घैसासांचं दुकान होतं. तिथे दूध, ब्रेड, सिगारेट, लॉटरी आणि घैसास अशा पाच गोष्टी मिळत. पैकी पाचवी फुकट होती आणि ती घेतल्याशिवाय बाहेर पडता येत नसे. दोन लिटर दूध घ्यायला आलेला ट्रक ड्रायव्हर विंटर टायर, विमानाची तिकिटं आणि कोलेस्टेरॉल या तिन्ही विषयांवर ऐकून निघे, आणि कित्येकदा दूध काउंटरवरच विसरून जाई. मग घैसास दुधाची पिशवी घेऊन पार्किंग लॉटमध्ये त्याच्यामागे धावत. धावता धावता राहिलेला मुद्दाही पुरा करत.

घैसास मूळचे मिरजेचे. सांगलीला मेकॅनिकल इंजिनिअर झाले, त्र्याहत्तर साली टोरांटोला आले आणि लिफ्टचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात चिकटले ते तेवीस वर्षं. मग कारखाना मेक्सिकोला गेला. “कारखान्याला थंडी सोसेना, मला सोसत होती, म्हणून मी इथे राहिलो,” असं ते सांगत. खरं म्हणजे पन्नाशीकडे झुकलेल्या इंजिनिअरला त्या वर्षी कुणी उभं करत नव्हतं. पुंजी होती तेवढी घालून त्यांनी हे दुकान घेतलं. मराठी मंडळींत हळहळ झाली. एका बारशाला कोट काढून ठेवताना पलीकडच्या खोलीतून त्यांनी ऐकलं, “चांगला इंजिनिअर माणूस, आता पाव विकतो.”

त्यावर ते कुणाला काही बोलले नाहीत. मात्र त्यानंतर कुठल्याही समारंभाला गेले की ते सगळ्यांच्या आधी बोलत, सगळ्यांपेक्षा जास्त बोलत आणि लोकांना हसवत. तोंड हसण्यात गुंतलेलं असलं की त्यातून शेरा निघत नाही, हा शोध त्यांना लागला होता. वीस वर्षांत त्यांनी टोरांटोच्या उत्तरेकडच्या सगळ्या मराठी मंडळींना इतकं हसवलं, की ते पाव विकतात हे लोक विसरले. स्वतः घैसास विसरले नव्हते.

दोन हजार सोळाच्या पानगळीत सुटाबुटातला एक पोरगा दुकानात आला आणि आइस्क्रीमच्या फ्रीझरशेजारची तीन फूट जागा भाड्याने मागू लागला. त्याला तिथे बिटकॉइनचं मशीन ठेवायचं होतं. दिसायला बँकेच्या एटीएमसारखंच, पण हे नोटा द्यायचं नाही, फक्त घ्यायचं. नोटा टाकल्या की कुणाच्या तरी फोनमध्ये बिटकॉइन जमा. दरमहा भाडं मिळणार होतं आणि करायचं काहीच नव्हतं.

त्यांच्या पत्नी सुहासिनीबाईंना हे पटलं नाही. त्यांनी अठ्ठावीस वर्षं बँकेत कॅशियरच्या खिडकीत काढली होती. त्या म्हणाल्या, “आमच्याकडे चूक झाली तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येऊन आमच्याशी भांडायचं. इथे भांडायला माणूस कुठाय?”

“तीच तर गंमत आहे,” घैसास म्हणाले, आणि मशीन आलं.

पहिलं वर्षभर त्याला कुणी विचारलं नाही. टोपी नाकापर्यंत ओढलेला एक मुलगा दर मंगळवारी यायचा, नोटा टाकायचा आणि घैसासांच्या एकाही वाक्याला उत्तर न देता निघून जायचा. घैसासांच्या दुकानात आजवर एवढा अपमान कुणी केला नव्हता. तरी मशीनवरची धूळ ते रोज पुसत. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला त्यांनी त्याला हळदकुंकू लावलं, आणि शेजारच्या फ्रीझरला वाईट वाटू नये म्हणून त्यालाही लावलं.

पुढच्या वर्षी, सतराच्या सप्टेंबरनंतर, जग बदललं. बिटकॉइनचा भाव असा काही चढायला लागला की टिम हॉर्टन्सच्या कॉफीच्या रांगेत, डेंटिस्टच्या खुर्चीत, सत्यनारायणाच्या प्रसादाला, जो तो तेच बोलू लागला. कुणाला काही कळत नव्हतं. आणि मराठी मंडळींत अचानक आठवण झाली, की अरे, आपल्या घैसासांकडे तर मशीनच आहे. ज्यांनी वीस वर्षांत त्यांच्याकडून पावाची लादी घेतली नव्हती, ते त्यांना फोन करून “तुमचं मत काय” असं विचारू लागले. लोक त्यांना मशीनवाले घैसास म्हणू लागले. पाववाले घैसास असं कुणी तोंडावर कधी म्हटलं नव्हतं, पण घैसासांच्या कानात ते वाजत होतं. ते वाजायचं थांबलं.

रिचमंड हिलच्या कम्युनिटी सेंटरमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी निवृत्तांचा कट्टा भरतो. आधी तासभर व्याख्यान, मग साबुदाण्याची खिचडी. विषय साधारण गुडघ्याची शस्त्रक्रिया, मृत्युपत्र आणि अलास्काची क्रूझ यांच्यात फिरत असतात. कट्ट्याचे अध्यक्ष डॉक्टर विश्वनाथ हे निवृत्त भूलतज्ज्ञ, आणि व्याख्यान सुरू झालं की ते स्वतःच्याच विद्येचा प्रयोग स्वतःवर करून घेतात. त्यांनी डिसेंबरचं व्याख्यान घैसासांना दिलं: बिटकॉइन, समज आणि गैरसमज.

यातली समज घैसासांकडे नव्हती. त्यांनी कॅल्गरीच्या मुलाला, श्रेयसला, फोन केला. त्याने दहा मिनिटं इंग्रजीत समजावलं आणि शेवटी म्हणाला, “डॅड, प्लीज डोंट टीच धिस टु एनीवन.” घैसासांनी दहा मिनिटांतलं जेवढं लागेल तेवढं टिपून घेतलं आणि शेवटचं वाक्य सोडून दिलं.

व्याख्यान रंगलं. बँक नाही, साहेब नाही, फॉर्म नाही. एकदा पाठवलेला पैसा ब्रह्मदेव आला तरी परत फिरवू शकत नाही, हे त्यांनी असं सांगितलं की ते वरदान वाटावं. डॉक्टर विश्वनाथ जागे होते. आणि मग, शेवटाकडे येताना, घैसास कागदातून मान वर काढून म्हणाले, “आज तुम्ही हसताय. पण बघाल, दोन वर्षांत टॅक्सवाले स्वतः फोन करतील आणि म्हणतील, घैसास, चेक नको, बिटकॉइनच पाठवा.”

हे वाक्य कागदावर नव्हतं. ते तिथल्या तिथे सुचलं होतं. हशा अर्धं मिनिट चालला. मागच्या भिंतीशी खिचडीचं पातेलं धरून उभी असलेली एक मुलगीही हसली.

ती अवंतिका ढवळे. कराडची. वडील संजय ढवळे यांचं तिथल्या कॉलेजसमोर झेरॉक्सचं दुकान. ती टोरांटोच्या एका कॉलेजात दोन वर्षांच्या कोर्सला आली होती, पाच मुलींबरोबर एका बेसमेंटमध्ये राहत होती आणि आठवड्याचे वीस तास वॉनच्या एका वेअरहाउसमध्ये खोकी भरत होती. कट्ट्याला ती खुर्च्या मांडायला आणि वाढायला यायची. त्याबद्दल थोडे पैसे मिळत, उरलेली खिचडी सुहासिनीबाईंच्या डब्यात मिळे आणि दोन तास मराठी कानावर पडे. घैसासांची आणि तिची ओळख डबा भरून देण्यापुरती. “शेंगदाणे वेचून वेचून घाल गं,” असं ते तिला सांगायचे, “कट्ट्यावरच्या कुणाला ते चावत नाहीत.”

जानेवारीतल्या एका शुक्रवारी, भर दुपारी, ती त्यांच्या दुकानात शिरली. बाहेर उणे बावीस होतं. फोन कानाशी लावलेला, चेहरा लाल आणि डोळ्यांत पाणी. पण उणे बावीसमधून आत येणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांत पाणीच असतं. घैसासांनी चाळीस हिवाळे असे डोळे पाहिले होते. त्यांनी हात हलवला. ती सरळ मशीनपाशी गेली.

शुक्रवार म्हणून लॉटरीची रांग दारापर्यंत होती. पण घैसासांचं लक्ष मशीनकडे. त्यांच्या व्याख्यानाला दीड महिना झाला होता, कट्ट्यावरचा एकही माणूस नोट घेऊन फिरकला नव्हता, आणि आज ही पोरगी आली होती. त्यांनी रांगेतल्या पहिल्या ड्रायव्हरला हिंदीत सांगितलं, “ये मेरे सेमिनार में थी.”

मशीन तिच्या नोटा परत फेकत होतं. इथल्या नोटा प्लास्टिकच्या. एकदा दुमडल्या की तशाच राहतात, आणि तिने पाकीट दुमडून जॅकेटच्या आतल्या खिशात घातलेलं असणार. घैसास लॉटरी सोडून उठले. तिच्या हातातला गठ्ठा घेतला, फ्रीझरच्या काठावर एकेक नोट उलट्या बाजूने घासून सरळ केली आणि मशीनला भरवली. ती फोन कानाला धरून नुसती मान हलवत होती. पलीकडचा माणूस बोलत असावा. मग मशीनने सांगितलं, एका फोन नंबरावर तीनच हजार. पुढचे घालायचे तर दुसरा नंबर.

“माझा घाल,” घैसास म्हणाले, आणि स्वतःच बोटांनी दाबला.

सहा हजार डॉलर गेले. ती “थँक्यू काका” म्हणाली. त्यांनी तिला एक गरम समोसा दिला, पैसे घेतले नाहीत. रांगेतली माणसं कुरकुरत होती. घैसास खुशीत होते.

सोमवारी ती पुन्हा आली. या वेळी फोन हातात होता, कानाला नव्हता. दुकानात दुसरं कुणी नव्हतं.

“काका, त्या दिवशीची रिसीट आहे माझ्याकडे. यावर फाइल नंबर कुठे असतो?”

“कसली फाइल?”

“टॅक्सची. त्यांनी सांगितलं होतं, पैसे मिळाले की एका तासात कन्फर्मेशन ईमेल करतो. वीकेंड गेला. आता तो नंबर लागतच नाहीये.”

मग तुकड्या-तुकड्यांनी सगळं बाहेर आलं. टॅक्स खात्यातून बोलतोय असं सांगून कुणाचा तरी फोन आला होता. तुझ्या कामाच्या तासांत गडबड आहे, टॅक्स बुडवला आहेस, आज पैसे भरले नाहीत तर संध्याकाळपर्यंत पोलीस येतील आणि स्टडी परमिट रद्द होईल. फोन ठेवायचा नाही, कुणाशी बोलायचं नाही. हा बार त्याने अंधारात काढला असेल. पण अवंतिकाने डिसेंबरच्या गर्दीत एका आठवड्यात खरोखरच चोवीस तास काम केलं होतं, नियम विसाचा होता, आणि ते चार तास तिच्या छातीवर दगडासारखे बसलेले होते. तिला वाटलं, कळलं यांना. बँकेत जाऊन तिने फीचे पैसे काढले. जानेवारीच्या सेमिस्टरची फी. ती भरायची शेवटची तारीख येता शुक्रवार होती.

घैसासांनी स्टूल पुढे ओढलं आणि स्वतःच त्याच्यावर बसले. “अगं पण, टॅक्सवाले कधी असे पैसे घेतात का?”

“तुम्हीच म्हणाला होतात ना,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. पाठ केलेलं उत्तर चुकलं कसं, असं विचारणाऱ्या मुलीसारखी ती त्यांच्याकडे बघत होती. “भाषणात. टॅक्सवाले फोन करतील म्हणून. तो बिटकॉइन म्हणाला तेव्हा मला आधी विचित्रच वाटलं. मग आठवलं, काका म्हणाले होते. कॉलेजच्या कोपऱ्यावर पण एक मशीन आहे. पण म्हटलं आपल्या माणसाकडे जावं, म्हणून दोन बस बदलून इकडे आले.”

घैसासांनी तिच्याकडून रिसीट घेतली आणि तिच्यावरचा कंपनीचा नंबर शोधू लागले.

तो दिवस आणि दुसरा दिवस ते धावले. मशीनच्या कंपनीला फोन केला. तिथल्या बाईंनी अतिशय गोड आवाजात सांगितलं, की गेलेला पैसा परत फिरवता येत नाही, आणि हे वाक्य घैसासांना त्यांच्याच व्याख्यानातून वाचून दाखवल्यासारखं वाटलं. पोलीस स्टेशनात एक तरुण अधिकारी भेटला. त्याने सगळं लिहून घेतलं, अवंतिकाला पाणी दिलं, आणि पैसे मिळण्याची आशा ठेवू नका असं तिच्याकडे न बघता सांगितलं. मशीनपाशी कुणी मदत केली का, असं त्याने विचारलं. अवंतिका नाही म्हणाली. घैसास म्हणाले, मी केली. नोटा मी सरळ केल्या, दुसरा नंबर माझा. त्याने तेही लिहिलं. व्याख्यानाचं घैसासांनी सांगितलं नाही. विनोद पोलिसाला सांगायची रीत नाही, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

परत येताना गाडीत अवंतिकाने एकच मागणं मागितलं. “बाबांना तुम्ही सांगाल? मी सांगितलं तर त्यांना वाटेल, काहीतरी लपवतेय. मोठ्या माणसाने सांगितलं की पटेल.”

बुधवारी सकाळी ती त्यांच्या घरी आली. सुहासिनीबाईंनी पोहे केले होते. घैसासांनी फोन स्पीकरवर टाकून टेबलाच्या मधोमध ठेवला. कराडला संध्याकाळ झाली होती. संजय ढवळ्यांच्या आवाजामागे झेरॉक्सचं मशीन खरखरत होतं.

घैसासांनी सांगितलं, आणि फार चांगलं सांगितलं. अशा चोरांना इथले प्राध्यापक आणि डॉक्टरही फसले आहेत, पोरीचा काही दोष नाही, मुलगी गुणी आहे, घाबरली म्हणून झालं. बापाचा धीर सुटू नये म्हणून कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, हे त्यांना बरोबर कळत होतं. पलीकडचं खरखरणं थांबलं. मग संजय ढवळे म्हणाले, “साहेब, तुमच्यासारखं माणूस तिथं आहे म्हणून बरं. नाहीतर परमुलखात पोरीला कोण विचारतं?”

अवंतिकाने पोह्यांतून मान वर केली आणि घैसासांकडे पाहिलं. फक्त पाहिलं. ती ज्या घरात वाढली होती तिथे मोठ्या माणसाची चूक लहानांनी बोलायची नसते. तिने वाट पाहिली.

घैसास म्हणाले, “संजयराव, फीची काळजी करू नका. शुक्रवारच्या आत मी भरतो. माझ्या हातूनच...” आणि इथे ते अडखळले. “म्हणजे, माझ्या दुकानात झालंय हे. माझं कर्तव्य आहे.”

“नाही नाही साहेब. तुमचं दुकान आहे, त्यात तुमचा काय गुन्हा? तुमचे उपकार आधीच झालेत. परक्या माणसाचे सहा हजार डॉलर मी कुठल्या तोंडानं घेऊ? जमेल तसं बघतो मी. नाही जमलं तर येईल पोरगी परत.”

घैसासांनी दोनदा आग्रह केला. जेवणाच्या पंगतीत करतात तसा. संजय ढवळ्यांनी दोनदा नाही म्हटलं. फोन ठेवला गेला. अवंतिका पोहे संपवून, बशी धुऊन, बूट चढवून बसस्टॉपकडे निघून गेली. घैसास सोडायला निघाले तर म्हणाली, “नको काका, बस आहे.”

दार लागल्यावर सुहासिनीबाई म्हणाल्या, “ते वाक्य सांगितलं नाहीत तुम्ही.”

“त्याने काय फरक पडला असता?”

“सगळाच. तुम्ही त्यांना दान देताय. दान कोण घेतं? ज्याचं घेणं आहे तो मान वर करून घेतो. त्यांना कळू तरी द्या, की त्यांचं तुमच्याकडे घेणं आहे.” त्यांनी कपाटातून चेकबुक काढलं, सहा हजारांचा चेक लिहिला आणि घैसासांच्या पुढ्यात ठेवला. “आता फोन करा. तिथे अजून आठ वाजले नसतील.”

घैसासांनी फोन हातात घेतला. नंबर काढला. मग त्यांना आठवलं, दुकान उघडायला उशीर झालाय.

गुरुवारी दुकानात फार गर्दी होती, म्हणजे गर्दी नव्हती, पण कधीही झाली असती. घैसासांनी मनात ते वाक्य निरनिराळ्या प्रकारे मांडून पाहिलं. “मी गमतीने म्हणालो होतो” अशी सुरुवात केली की ते माफी मागितल्यासारखं न वाटता पुन्हा एकदा गंमत केल्यासारखं वाटे. “माझ्यामुळे” अशी सुरुवात केली की पुढे पलीकडच्या खोलीतलं ते जुनं वाक्य ऐकू येई, आणि पाववाला घैसास दारात येऊन उभा राही. लोकांना हसवण्यात उभं आयुष्य गेलेल्या माणसाला ज्यात कुणी हसणार नाही असं एक वाक्य बोलता येईना. शुक्रवारी सकाळी त्यांनी कराडचा नंबर लावला. घंटा वाजली, कुणी उचललं नाही. झेरॉक्सच्या दुकानात संध्याकाळी परीक्षेच्या फॉर्मची गर्दी असेल. घैसासांना सुटल्यासारखं वाटलं, आणि तो पुन्हा लावायचा राहिला. दुपारी चार वाजता कॉलेजची फी घेणारी खिडकी बंद झाली. चेक फ्रिजवर मॅग्नेटखाली होता.

फी भरली नाही म्हणून सेमिस्टर गेलं. सेमिस्टर गेलं म्हणून परमिटचा प्रश्न आला. सप्टेंबरला पुन्हा प्रवेश घेता येईल, नव्याने अप्लाय करा, असं कॉलेजने कळवलं. कराडहून निरोप आला, परत ये. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात ती गेली. जाण्याआधी दुकानात येऊन सुहासिनीबाईंचा डबा परत देऊन गेली. खिचडीचा, घासून लख्ख केलेला. घैसास तेव्हा मागच्या खोलीत होते. ते खोकी मोजत होते, असं त्यांनी नंतर सांगितलं. पुढे येऊन पाहिलं तर काउंटरवर डबा होता आणि पार्किंग लॉटमध्ये कुणी नव्हतं.

मशीन काढून न्या असं त्यांनी कंपनीला कळवलं होतं. करारात साठ दिवसांची मुदत होती. घैसासांनी प्लग काढला आणि त्याच्यावर जुनी चादर टाकली. गिऱ्हाईकं विचारत, कोण गेलं? एरवी या प्रश्नावर त्यांनी पंधरा मिनिटं घेतली असती. आता ते सुट्टे पैसे मोजून देत.

फेब्रुवारीचा कट्टा फ्रीझिंग रेनमुळे, म्हणजे पडताच गोठणाऱ्या पावसामुळे, रद्द झाला होता. मार्चच्या पहिल्या रविवारी घैसासांनी डॉक्टर विश्वनाथांकडे पाच मिनिटं मागितली. ते उभे राहिले तेव्हाच पुढच्या रांगेत हसू फुटलं, कारण घैसास उभे राहिले की ते फुटतंच. ते म्हणाले, “डिसेंबरात मी इथे म्हणालो होतो, की टॅक्सवाले फोन करून बिटकॉइन मागतील.” लोकांना ते वाक्य आठवलं आणि हशा झाला. ते म्हणाले, “तसा फोन आला.” पुन्हा हशा, आधीपेक्षा मोठा. कुणीतरी विचारलं, “मग पाठवलेत का, घैसास?” ते म्हणाले, “मी नाही. आपल्याला खिचडी वाढायची ती मुलगी होती ना, तिने पाठवले. माझ्याच मशीनमधून. नोटा मी सरळ करून दिल्या.” इथे निम्मे लोक थांबले. उरलेले निम्मे पुढच्या वाक्याची वाट पाहत हसू तोंडात धरून बसले होते, कारण घैसासांची गोष्ट अशी मध्येच संपत नसते. घैसासांकडे पुढचं वाक्य नव्हतं. ते खाली बसले. जरा वेळाने सवयीने कुणीतरी टाळी वाजवली. त्या दिवशी खिचडी ज्याची त्याने वाढून घेतली.

सोमवारी सकाळी दुकान उघडल्यावर, चादर घातलेल्या मशीनपाशी उभं राहून घैसासांनी कराडला फोन लावला. या वेळी तो पहिल्या घंटेला उचलला गेला. मागे खरखर चालू होती.

“संजयराव, एक सांगायचं राहिलं होतं.”

त्यांनी सांगितलं. कुठे थांबायचं, आवाज कुठे खाली आणायचा, यातलं काही न करता. व्याख्यान, ते वाक्य, दुसरा नंबर आणि गेलेला शुक्रवार. चेक अजून फ्रिजवर आहे हेही.

खरखर थांबली.

“लोक हसले होते का?” संजय ढवळ्यांनी विचारलं.

“हो.”

“खूप?”

“खूप.”

“अवंतिका पण?”

घैसासांना मागच्या भिंतीशी पातेलं धरून उभी असलेली मुलगी दिसली. “हो. तीही हसली.”

मग संजय ढवळे सावकाश म्हणाले, “तवा सांगितलं असतंत साहेब, तर घेतला असता मी तो चेक.” आणि जरा थांबून, “ठेवतो. गिऱ्हाईक उभं आहे.” फोन बंद होताना झेरॉक्सची खरखर पुन्हा सुरू झालेली घैसासांनी ऐकली.

दारावरची घंटी वाजली. नेहमीचा ट्रक ड्रायव्हर बूट आपटत आत आला. दोन लिटर दूध घेतलं, पैसे दिले आणि सवयीने तिथेच उभा राहिला. घैसासांनी सुट्टे त्याच्या हातावर ठेवले आणि काउंटर पुसायला घेतला. तो जरा वेळ घुटमळला, चादरीकडे पाहिलं, घैसासांकडे पाहिलं, आणि निघाला. त्या दिवशी तो दूध विसरला नाही.